एमसीआर चप्पल: रबर चांगलं आहे, पण आधी पाय धुवा

औषधांच्या मोठ्या दुकानात काचेआड एक काळी, जाड, जराशी बोजड चप्पल ठेवलेली असते. तिच्यावर ‘एमसीआर’ ही तीनच अक्षरं असतात आणि दुकानदार ती ‘शुगरवाल्यांची चप्पल’ म्हणून पुढे करतो. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बारीक हवेच्या पेशी असलेलं मऊ रबर. मधुमेह्यांकडे ही चप्पल नंतर आली. भारतात ती आधी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी बनू लागली, तीही तामिळनाडूतल्या वेल्लोर आणि करिगिरीसारख्या ठिकाणच्या मिशन हॉस्पिटलांच्या चप्पल-कारखान्यांत. तिथे चप्पल देण्याआधी पाय धुऊन, निरखून बघायची रीत होती. दुकानात चप्पल मिळते, ती रीत मिळत नाही. म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहिलं आहे: वस्तू कशी आहे, आणि तिच्यासोबत जी सेवा असायला हवी ती कशी असते.

आधी पाय समजून घेऊ. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या, कातडीजवळून जाणाऱ्या नसा धरतात. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी नस निकामी झाली की तीन गोष्टी होतात. तळव्याला दुखणं कळत नाही, तळव्याला घाम येत नाही, आणि पावलातले लहान स्नायू लुळे पडून बोटं नख्यांसारखी आत वळतात. घाम नाही म्हणून कातडी सुकते आणि भेगा पडतात. बोटं वळली की चवड्याची हाडं खाली उतरतात आणि चालताना सगळा भार त्यांच्यावर येतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे चपलेत अडकलेला खडाच समजा. फरक एवढाच, की तो खडा कातडीचाच असतो आणि टोचल्याचं कळत नाही. खालचं मांस चिरडत जातं, आत रक्त साकळतं आणि एक दिवस जखम आतून बाहेर फुटते. बहुतेक जखमा टाचेपेक्षा चवड्यावर, त्यातही अंगठ्याच्या मुळाशी होतात त्या यामुळे.

एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या, गोळ्या सहा किंवा बारा महिने घेतल्या की जंतू मरतात आणि रोग बरा होतो. गेलेली नस मात्र गोळ्यांनी परत येत नाही. बधिरता नुकतीच, म्हणजे गेल्या सहा महिन्यांत आलेली असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या औषधाने ती मागे हटू शकते. अशा वेळी चप्पल बघत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

‘कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडतं’ हा समज मोडण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या घरी झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. बोटं आपोआप झडत नाहीत, दुखणं न कळल्यामुळे माणूस ती वापरून वापरून गमावतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका जखमेचा माग काढून दाखवलं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून कमी झालेली दिसत. माग काढल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडून जातात आणि माणसाला जागही येत नाही. त्यावर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर द्यायचा उपाय निघाला. मऊ चप्पल हा त्याच विचारातला उपाय आहे: दुखणं नसेल, तर ते करत असलेली राखण दुसऱ्या कशाने तरी करायची.

आता रबर. बधिर पायासाठी मऊपणा शोअर मापावर (रबर किती कडक ते सांगणारं माप, आकडा लहान तितकं रबर मऊ) १५ च्या आसपास हवा आणि आतल्या थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर. दुकानात मापक नसतो, पण तुमची दोन बोटं असतात. आतला मऊ थर अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. तो जवळपास निम्म्यावर यायला हवा आणि सोडताच परत फुलायला हवा. दबतच नसेल, तर ती साध्या हवाई चपलेची जात, नाव काहीही छापलेलं असो. दबून तसाच राहत असेल, तर तो स्वस्त फोम. पहिल्या दिवशी ढगासारखा वाटतो आणि महिन्याभरात त्याचा पापड होतो. विकणारे ‘मऊ’ या एका शब्दाखाली दोन्ही खपवतात. पहिल्यात निदान फसवणूक लगेच कळते, दुसऱ्यात ती पायाखाली गेल्यावर कळते.

मऊ थराच्या खाली कडक तळ लागतोच, नाहीतर काटा किंवा काच मऊ थर भेदून वर येते. जुने कारागीर यासाठी टायरचा तुकडा लावत. आता कडक रबर वापरतात. दोन थर सोल्युशनने चिकटवून कडेने शिवलेले असावेत. खिळा एकही नको. टाचेजवळ एखादी चुक, म्हणजे बारीक खिळा, ठोकलेली असली तरी ती चप्पल ठेवून द्या. रबर झिजलं की चुकेचं टोक वर येतं आणि ज्या पायात जातं त्याला पत्ता लागत नाही.

अंगठ्याची चप्पल तर नकोच. म्हणजे अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून पट्टी जाते ती. ती पायात टिकवायला बोटांनी पकड घ्यावी लागते आणि वळलेली, बधिर बोटं पकड घेऊ शकत नाहीत. चप्पल वाटेत निसटते आणि माणूस तसाच पुढे जातो. टिकलीच, तर बेचकीत घासून जखम करते. तरीही बाजारातल्या कितीतरी ‘एमसीआर’ चपला अंगठ्याच्याच असतात, कारण त्या रोजच्या चपलेसारख्या दिसतात आणि चटकन खपतात. पावलावर दोन आडवे पट्टे आणि टाचेमागे एक, असा सँडल घ्यावा. पट्टे वेल्क्रोचे किंवा बकलाचे, कमीजास्त करता येतील असे. हाताची बोटंही वाकलेली असतील तर वेल्क्रोच बरा, बकल त्यांना लावता येत नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवण उघडी आहे का, ते आपलं बोट फिरवून बघा.

माप पायाच्या नंबरावर घेऊ नका. कोऱ्या कागदावर उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन पावलाभोवती पेन्सिल फिरवा. बसून काढलेलं पाऊल अरुंद येतं. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे आणि बंद पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. दोन्ही पायांचे कागद वेगळे करा, कारण बधिर पायांत डावं-उजवं सारखं असेलच असं नाही. ‘घातल्यावर कसं वाटतंय?’ हा चपलेच्या दुकानातला नेहमीचा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. ज्याला टोचलेलं कळत नाही, तो ‘छान वाटतंय’ असंच म्हणणार. उलट असा माणूस हमखास घट्ट चप्पल पसंत करतो, कारण सैल चप्पल पायात आहे हेच त्याला जाणवत नाही.

नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची. मग काढून तळवा, कडा आणि पट्ट्याखालची कातडी बघायची. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, म्हणून हाताच्या पाठीने स्पर्श करून दोन्ही पायांची तीच तीच जागा ताडून पाहायची. एका जागी ऊब जास्त लागली तर तिथे काहीतरी चेपतंय. ऊब नसेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा. पहिल्याच दिवशी बाजाराला किंवा जत्रेला नेलेली नवी चप्पल पुष्कळदा जखम घेऊन परत येते.

टिकाऊपणात या वस्तूला फार गुण देता येत नाहीत. रोज वापरली तर मऊ थर सहा महिन्यांत चवड्याखाली बसतो. वरून चप्पल धड दिसते, पट्टे शाबूत असतात, म्हणून लोक ती वर्ष-दीड वर्ष ओढतात. चवड्याच्या जागी दाबून बघा. तिथे आणि कडेला रबर सारखं फुलत नसेल, तर चपलेचं काम संपलं. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात पात्र रुग्णांना वर्षाला दोन जोड मोफत द्यायची तरतूद आहे ती याच हिशेबाने. मोफत जोडांची अडचण मापाची असते. ठरावीक नंबरांचा गठ्ठा येतो आणि हवा तो नंबर संपलेला असतो. मग ‘एक नंबर मोठा घ्या, चालतंय’ असं होतं. मोठ्या चपलेत पाऊल पुढेमागे सरकतं आणि ते सरकणंच कातडी सोलतं. पाऊल फार बिघडलेलं असेल, बोटं नसतील किंवा पाय पडलेला असेल, म्हणजे पाऊल वर उचलता येत नसेल, तर तयार चप्पल चालणारच नाही. त्याला साच्यावर घडवलेला तळ किंवा पाऊल वर धरणारा स्प्रिंगचा पट्टा लागतो. तो कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो.

दिसण्याचा मुद्दा वरवरचा वाटेल, पण या चपलेचं सगळ्यात मोठं अपयश तिथेच आहे. वर्षानुवर्षं ती एकाच काळ्या रंगात, एकाच घाटात बनत राहिली. परिणामी गावात चप्पल बघूनच रोग ओळखू येऊ लागला. लोक ती घरी जपून ठेवत आणि बाहेर जाताना साधी स्लिपर घालत, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी पाय उघडा. आता तपकिरी, निळ्या, लेडीज घाटाच्या एमसीआर सँडल मिळतात. दोन पैसे जास्त पडले तरी त्याच घ्या. जी पायात जाते तीच चप्पल कामाची.

आता पाय धुण्याकडे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या १३ व्या अध्यायातला प्रसंग बहुतेकांना माहीत असतो: शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. गुलामाचं काम गुरूने केलं, एवढं प्रवचनात ऐकायला मिळतं. पायाची निगा राखणाऱ्यांना मात्र त्यातला एक तपशील भावतो. त्या वर्णनात पाय धुणं आणि पुसणं वेगवेगळं सांगितलं आहे. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. ते पाय घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात आणि त्यात काही वावगं नाही, तो विधी आहे. मिशन हॉस्पिटलातल्या पायाच्या खोलीत येणारे पाय मात्र बस बदलत, शेत तुडवत आलेले असतात.

चांगली खोली कशी ओळखायची? धुणारा रुग्णापेक्षा खाली बसलेला असतो. यात नम्रता असेल तर असो, पण मुख्य कारण असं की वरून तळवा दिसतच नाही. रुग्ण खुर्चीवर, धुणारा पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, आणि उजेड तळव्यावर पडेल असा. दोन टब, मग, साधा साबण, प्रत्येकासाठी वेगळा धुतलेला पंचा, गुळगुळीत दगड, खोबरेल किंवा व्हॅसलीन, हातात धरायचा आरसा, बॉलपेन, कागद. हे सगळं हजार-दोन हजार रुपयांत उभं राहतं. टब प्रत्येक माणसामागे साबणाने घासायचा. उघडी जखम असलेला पाय टबात बुडवायचा नाही, त्यावर मगाने स्वच्छ पाणी ओतायचं, आणि अशांचा नंबर शेवटी.

पाणी साधं हवं, नळाचं. ‘थकून आलेत, जरा कोमट देऊ’ या प्रेमातून भाजलेले पाय निपजतात. कोमट द्यायचंच तर ज्याच्या हाताला संवेदना शाबूत आहे त्याने कोपर बुडवून बघायचं. रुग्णाला विचारून उपयोग नाही. पाय १५ ते २० मिनिटं बुडवून ठेवायचे. या वेळात गप्पा होतात आणि त्या वाया जात नाहीत. रोज किती चालता, शेतात पायात काय असतं, मांडी घालून किती वेळ बसता, हे त्यातच कळतं. मांडीचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. बधिर पायाने जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडावर जखम होते. चपलेने ती टळत नाही, खाली घडी केलेलं कांबळं घातलं तरच टळते.

कातडी फुगली की घट्ट्यावर दगड फिरवायचा, एकाच दिशेने, हलक्या हाताने. घरातली पितळी वज्री इथे आणू नये. तिच्या धारा नको तेवढं सोलतात. घट्टा एका बैठकीत संपवायचा नसतो, रोज थोडा झिजवायचा. ब्लेडने काढायचं काम शिकलेल्या माणसाचं. घट्ट्याच्या मधोमध काळसर ठिपका दिसला तर दगड खाली ठेवायचा. ते आत साकळलेलं रक्त असतं, म्हणजे खाली जखम तयार आहे. त्या माणसाला त्या दिवशी चप्पल द्यायची नाही, पायाला विश्रांती आणि डॉक्टर द्यायचा. तळव्याची जखम मलमांपेक्षा भार काढल्याने भरते. साधी जखम प्लास्टरमध्ये ठेवली तर साधारण सहा आठवड्यांत भरून येते. चालत राहिलं तर वर्षभर तशीच राहते.

मग पुसणं. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळून एकेका बेचकीत घालायचं, घासायचं नाही, टिपायचं. चौथ्या आणि पाचव्या बोटामधली बेचकी सगळ्यात अरुंद, तिथे हमखास ओल राहते आणि कातडी पांढरी पडून फाटते. याच वेळी धुणाऱ्याच्या बोटांना बाकीचं कळतं: कुठे ऊब आहे, कुठे कातडीत रुतलेला काटा लागतोय, टाचेची कोणती भेग खोल गेली आहे. एवढं बघायला दोन्ही पायांना पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं दुसरं काही करायचं नाही. शेवटी कातडी ओलसर असतानाच तळव्याला आणि टाचेला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे मुरलेलं पाणी आत राहतं. बेचक्यांत तेल नाही. तेल लावून लगेच फरशीवर उभं करू नका, माणूस घसरतो.

बॉलपेन संवेदना बघायला. रुग्णाने डोळे मिटायचे, पेनाचं टोक तळव्याच्या ठरलेल्या जागांवर हलकेच टेकवायचं, कातडी जरा दबेल इतकंच. जिथे टेकलं तिथे त्याने बोट दाखवायचं. पावलाच्या कागदावर त्या जागांशी ‘कळलं’ की ‘नाही’ ते लिहायचं. पुढच्या वेळी ‘कळलं’ची जागा ‘नाही’ झाली असेल तर नसेला नवी इजा होते आहे आणि वेळ घालवून चालणार नाही.

हातमोज्यांबद्दल थोडं. कुष्ठरोग पाय धुतल्याने होत नाही. औषध घेतलेल्या माणसाकडून तर होतच नाही. रक्त-पू असेल तिथे मोजे घालावेतच, ते कुठल्याही जखमेसाठी घालतात. धड कातडीच्या पायाला मोजे घालून हात लावला, तर समोरच्याला जे कळायचं ते कळतं, आणि मोज्यातून उबेचा फरकही नीट लागत नाही. बरेच जण पहिल्यांदा पाय मागे ओढतात, ‘बाई, तुम्ही कशाला, राहू द्या’ म्हणतात. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही आधी नकोच म्हटलं होतं. अशा वेळी जबरदस्ती न करता पाणी त्यांच्यापुढे ठेवून ‘तुम्ही धुवा, मी बघते’ म्हटलं तर काम जास्त चांगलं होतं. एरवीही शेवटी त्यांनाच शिकायचं असतं. दुसऱ्या दिवशी घरी मोरीत तो माणूस एकटाच असणार.

सेवा म्हणून भरवलेल्या एकदिवसीय शिबिरांचा इथेच घोटाळा होतो. पाय धुतानाचे फोटो निघतात, पाण्यात गुलाबपाकळ्या असतात, चपला मंचावरून वाटल्या जातात. बेचक्या ओल्याच राहतात, घट्टा तसाच, आणि हातात आलेली चप्पल नऊ नंबरची, पाय सातचा. त्यापेक्षा कमी माणसं बोलवा, मापं आधी घ्या, चपला महिन्याने द्या आणि त्या वेळी जुने कागद काढून पाय परत बघा.

मधुमेह्यांसाठी ही सगळी कृती जशीच्या तशी उचलू नका. चप्पल तीच चालते, रोजची तपासणी आणि आरसा तोच, बेचक्या कोरड्या ठेवणं तेच. पण पाय वीस मिनिटं बुडवून ठेवणं मधुमेहात टाळावं. कातडी मऊ पडते, फाटते आणि जंतुसंसर्ग पसरायला वाट मिळते. त्यांनी पाय झटपट धुऊन कोरडे करावेत. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो. तो तपासल्याशिवाय ‘जखम विश्रांतीने भरेल’ असं धरून चालू नये.

महाराष्ट्रात मिरजेचं रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आणि परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं लेप्रसी मिशनचं रुग्णालय ही या कामातली जुनी नावं. लेप्रसी मिशन ही संस्था अंबाल्याला कुष्ठरुग्ण पाहिलेल्या वेलस्ली बेली या आयरिश माणसाने १८७४ मध्ये सुरू केली. जाण्याआधी पायाचा विभाग आणि चप्पल कारागीर कोणत्या वारी असतो ते फोनवर विचारून घ्या. नुसती चप्पल हवी असेल तर बाजारात ती साधारण पाचशे ते दीड हजारांपर्यंत मिळते. महाग म्हणजे मऊ असं मुळीच नाही, चिमटा घेऊन बघाच.

वस्तू म्हणून एमसीआर सँडलला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टिकाऊपणात गेला, एक दिसण्यात. अंगठ्याच्या एमसीआर चपलेला, रबर कितीही चांगलं असलं तरी, एक. वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर त्यांना दुकानात न्या, दुपारनंतर न्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं येतं. निघण्याआधी घरी एकदा त्यांचा तळवा उजेडात धरून बघा. घट्ट्यात काळा ठिपका दिसला तर दुकान राहू द्या.